एन्क्रिप्शनचे कार्ड बसवले की सर्व्हरचा भार उतरतो का?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग सांभाळतो. आमच्या नेट बँकिंग आणि मोबाइल ॲपच्या सर्व्हरवर सकाळी दहा ते बारा या वेळेत प्रोसेसरचा वापर ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत चढतो. सर्व्हर २०१९ सालचा, १६ कोअरचा (म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे १६ भाग असलेला) आहे; त्यावर लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, असून ॲप्लिकेशन जावा ८ वर चालते. एका पुरवठादाराचे म्हणणे असे, की हा भार एन्क्रिप्शनचा आहे आणि एन्क्रिप्शनचे वेगळे कार्ड बसवले तर तो निम्म्यावर येईल. पुढच्या महिन्यात संचालक मंडळापुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. कार्ड घ्यावे का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून मी स्पष्टपणे सांगतो, की हे कार्ड घेऊ नये, आणि खाली सांगितलेली मोजमापे हाती येईपर्यंत तो प्रस्ताव मंडळापुढे ठेवूही नये. सभासदांच्या ठेवींवर चालणाऱ्या बँकेचा पैसा ज्या दुखण्यावर खर्च व्हायचा आहे ते दुखणे खरोखर त्याच जागी आहे का, हे आधी पाहिले गेले पाहिजे, आणि ते पाहणे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पुरवठादाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही. एके काळी ते पूर्णपणे खरे होते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो गुप्त करणे, दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा ओळख पटवण्याचा, ज्याला हँडशेक म्हणतात. त्यात सर्व्हरला आपली खासगी किल्ली, म्हणजे फक्त त्यालाच ठाऊक असलेली एक प्रचंड संख्या, वापरून एक मोठे गणित सोडवावे लागते, आणि किल्ली आरएसए पद्धतीची असेल तर ते गणित फार महाग पडते. दुसरा टप्पा प्रत्यक्ष मजकूर गुप्त करण्याचा. तो बहुधा एईएस या पद्धतीने होतो आणि तुलनेने स्वस्त असतो. २००० सालाच्या आसपासच्या पेंटियम ३ प्रोसेसरला १०२४ बिटांच्या किल्लीची गणिते सेकंदाला जेमतेम शे-दोनशे जमत असत. दर सेकंदाला शंभर नवे ग्राहक दारात उभे राहिले की तो सर्व्हर दुसरे काही करूच शकत नसे. म्हणून त्या काळात रेनबोचे क्रिप्टोस्विफ्ट, एनसायफरचे एनफास्ट, सनचे क्रिप्टो ॲक्सेलरेटर अशी कार्डे निघाली आणि त्यांनी आपली किंमत वसूलही करून दिली. २००३ मध्ये मी असे एक कार्ड स्वतःच्या हाताने एका सर्व्हरच्या पीसीआय खोबणीत बसवले होते, आणि दुपारच्या गर्दीत भाराचा आलेख खाली आलेला पाहून आम्हा सगळ्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

तेच कार्ड काही वर्षांनी आम्ही नव्या, वेगवान सर्व्हरमध्ये हलवले, तेव्हा मात्र मोठ्या फायली पाठवण्याचा वेग कार्डामुळे वाढण्याऐवजी घटला. कार्ड बिघडले नव्हते. त्याच्यापर्यंतची वाट अरुंद होती. ३२ बिटांची, ३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस, म्हणजे कार्डांना उर्वरित संगणकाशी जोडणारी वाट, पुस्तकी हिशेबाने सेकंदाला १३३ मेगाबाइट वाहून नेते. मजकूर आधी कार्डाकडे जाणार, गुप्त होऊन त्याच वाटेने मेमरीत परत येणार, आणि मग नेटवर्क कार्डाकडे जाताना बहुधा तीच बस पुन्हा वापरणार. म्हणजे प्रत्येक बाइट त्या वाटेवरून तीनदा जाणार. प्रोसेसरने तेच काम जागच्या जागी केले असते तर हा प्रवासच वाचला असता.

आजच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये ती वाट कितीतरी रुंद झाली आहे, पण प्रवास संपलेला नाही. प्रत्येक विनंतीसाठी ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, कार्डाला काम नोंदवून द्यायचे, कार्डाने मेमरीतून मजकूर उचलायचा, काम झाल्याचे कळवायचे, आणि प्रोसेसरने हातातले काम सोडून निकाल घ्यायचा, या सगळ्याला काही मायक्रोसेकंदांपासून (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) त्यांच्या दहापटीपर्यंत वेळ लागतो. याउलट आजच्या सर्व्हर प्रोसेसरचा एक कोअर एईएस-जीसीएम या एईएसच्या आज रूढ असलेल्या प्रकाराने सेकंदाला ३ गिगाबाइटच्या आसपास मजकूर गुप्त करतो. त्या वेगाने १ किलोबाइटला एका मायक्रोसेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि टीएलएसमधला (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील एन्क्रिप्शनची ही ठरलेली नियमावली) मोठ्यात मोठा, १६ किलोबाइटचा तुकडासुद्धा साडेपाच मायक्रोसेकंदांत होतो. आपल्या ॲपकडून येणारी शिल्लक-चौकशी काही शे बाइटांची असते. ती कार्डाकडे पाठवायची तयारी करण्यापेक्षा तिथल्या तिथे गुप्त करून मोकळे होणे प्रोसेसरला अधिक सोपे आहे.

हा बदल कशाने झाला, हे मंडळाला समजावून सांगण्याजोगे आहे. इंटेलने २००८ मध्ये एईएससाठी सहा खास सूचना, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञा, जाहीर केल्या आणि २०१० च्या वेस्टमिअर प्रोसेसरांपासून त्या बाजारात आल्या. एएमडीने २०११ मध्ये बुलडोझरपासून त्या घेतल्या. त्यांना एईएस-एनआय म्हणतात. १२८ बिटांच्या किल्लीने एईएस करताना मजकुराचा प्रत्येक १६ बाइटांचा ठोकळा दहा फेऱ्यांतून जातो. पूर्वी एकेका फेरीसाठी मेमरीतले तक्ते अनेकदा चाळावे लागत. आता एक फेरी म्हणजे एक सूचना. तक्ते गेल्यामुळे, प्रोसेसरला कोणत्या क्षणी किती वेळ लागला यावरून किल्लीचा माग काढण्याचा एक जुना धोकाही टळला, आणि हा लाभ मला वेगाइतकाच मोलाचा वाटतो. थोडक्यात, पुरवठादार जे कार्ड विकू पाहतो आहे त्याचा मोठा भाग आपल्या २०१९ च्या प्रोसेसरमध्ये आधीच आहे आणि त्याचे पैसे आपण भरलेले आहेत.

आता आपल्या बँकेचा हिशेब मांडून पाहू. आकडे मी मुद्दाम सढळ हाताने धरतो. गर्दीच्या एका तासात ६,००० ग्राहकांनी ॲप उघडले आणि प्रत्येकाच्या फोनने सर्व्हरशी पाच नव्या जोडण्या केल्या, तर ३०,००० हँडशेक झाले, म्हणजे सेकंदाला आठ-साडेआठ. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीची गणिते आपल्यासारख्या सर्व्हरचा एक कोअर सेकंदाला १,५०० च्या आसपास करतो. हँडशेकमधले बाकीचे काम धरून भार दुप्पट मोजला तरी एका कोअरचा सव्वा टक्का होत नाही, आणि आपल्याकडे १६ कोअर आहेत. मजकुराचे म्हणाल तर प्रत्येक ग्राहकाने २ मेगाबाइट ओढले असे धरू. एकूण १२ गिगाबाइट झाले. सेकंदाला ३ ऐवजी १ गिगाबाइट वेग धरला तरी तासाभरात एका कोअरचे १२ सेकंद लागले. ८५ टक्के भार तासभर म्हणजे १६ कोअरांचे मिळून सुमारे ४९,००० सेकंद. त्यात हँडशेकचे चाळीसेक आणि मजकुराचे हे १२ सेकंद वाचवून कार्ड भार निम्म्यावर कसा आणणार?

तरीही हिशेब कागदावरचा आहे आणि आपला सर्व्हर प्रत्यक्षातला, म्हणून तो उघडून पाहावाच. व्हर्च्युअल मशीनच्या आत जाऊन प्रॉक या फोल्डरमधली सीपीयूइन्फो ही फाइल वाचा आणि फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत एईएस ही अक्षरे शोधा. ती तिथे नसतील तर प्रोसेसरमध्ये सोय असूनही आपल्या मशीनला ती दिसत नाही असा अर्थ होतो. हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. व्हर्च्युअल मशीन तयार करताना प्रोसेसरचे मॉडेल म्हणून केव्हीएम६४ हा सर्वसाधारण पर्याय तसाच ठेवला, की नव्या सूचना आतल्या लिनक्सपासून झाकल्या जातात. कधी बायॉसमध्येच, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येच, ती सोय बंद असते. मॉडेल बदलून मशीन पुन्हा सुरू करणे, एवढाच त्यावरचा इलाज आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

वेग मोजण्यासाठी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची स्पीड ही आज्ञा वापरा, पण एक काळजी घ्या. ओपनएसएसएलच्या १.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत या आज्ञेला ईव्हीपी हा पर्याय जोडला नाही, तर ती एईएसचा जुना, सूचनांचा उपयोग न करणारा मार्ग मोजते आणि आकडा कित्येक पटींनी कमी येतो. विक्रीच्या कागदपत्रात ‘कार्डाआधी’ असा जो आकडा दाखवतात तो कसा मोजला आहे, हे पुरवठादाराला अवश्य विचारा. त्याने तो ईव्हीपीशिवाय मोजला असेल, तर तुलनेचा पायाच चुकला आहे.

आपल्या बाबतीत जावा ८ चा मुद्दा मात्र खरा आहे. जीसीएम पद्धतीत मजकूर गुप्त करण्याबरोबर, वाटेत कोणी तो बदलला तर कळावे म्हणून, त्यावर एक प्रकारची मोहोर उमटवावी लागते. त्या मोहोरेच्या आणि आरएसएच्या गणितासाठी प्रोसेसरच्या सूचना वापरण्याची सुधारणा जावामध्ये २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत आली, आणि जावा ८ च्या जुन्या आवृत्त्यांवर हे काम चांगलेच रेंगाळते. ॲप्लिकेशन लगेच नव्या जावावर नेणे जमणार नसेल, तर एन्क्रिप्शनचे काम जावाकडून काढून पुढे उभ्या केलेल्या एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे द्यावे. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. जोडणी काही वेळ उघडी ठेवण्याची सोय आणि परत आलेल्या ग्राहकाची जुनी ओळख ग्राह्य धरण्याची सोय सुरू आहे का, आणि प्रमाणपत्राची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, किल्ली विनाकारण ४०९६ बिटांची तर नाही ना. किल्लीची लांबी दुप्पट झाली की खासगी किल्लीचे गणित सहा-सात पट जड होते, याची जाणीव प्रमाणपत्र मागवताना फारच थोड्यांना असते. लंबवर्तुळी वक्रावर आधारलेली, २५६ बिटांची ईसीडीएसए किल्ली घेतली तर त्याच कोअरवर सेकंदाला १,५०० च्या जागी वीस-तीस हजार सह्या (हँडशेकमधल्या खासगी किल्लीच्या गणितांनाच सही म्हणतात) होतात. कार्डाने जे साधेल असे सांगितले जाते, त्याहून अधिक केवळ प्रमाणपत्र बदलल्याने साधते.

शेवटी, गर्दीच्या वेळी पर्फ टॉप ही आज्ञा चालवून प्रोसेसर नेमका कोणत्या कामात गुंतला आहे ते डोळ्यांनी पाहा. ज्या फंक्शनच्या नावात ‘मॉन्ट’ येते ते आरएसएचे गुणाकार, आणि ज्यात ‘एईएसएनआय’ येते ते मजकूर गुप्त करण्याचे काम. ही नावे वरच्या ओळींत नसतील, तर आपल्या ८५ टक्क्यांचे कारण दुसरीकडे आहे. अशाच तक्रारीवरून मी एका संस्थेत गेलो होतो. तिथेही कार्डाचे दरपत्रक आलेले होते. पर्फच्या यादीत एन्क्रिप्शन दहाव्या ओळीच्याही खाली होते आणि माथ्यावर डेटाबेस बसला होता. ॲप उघडताच शेवटचे दहा व्यवहार दाखवायचे, आणि त्यासाठी व्यवहारांच्या अख्ख्या तक्त्यात खातेक्रमांक शोधायचा, कारण त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, नव्हताच. इंडेक्स बांधला त्या संध्याकाळनंतर तिथे कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. आपल्याकडे नेमके हेच असेल असे मी म्हणत नाही, पण शोध त्या दिशेने सुरू करावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमची पुण्यातील वित्तसेवा संस्था आहे. लेखापरीक्षकांनी ‘एचएसएम घ्या’ असा शेरा दिला आहे. एचएसएम आणि एन्क्रिप्शनचे ॲक्सेलरेटर कार्ड एकच का? ते घेतल्यावर सर्व्हर वेगवान होईल असे गृहीत धरून आम्ही नवा सर्व्हर घेणे पुढे ढकलू का?

उत्तर : नाही, आणि ही गल्लत फार महागात पडू शकते. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या, कधी कधी एकाच कंपनीच्या असतात, पण त्यांचा धर्म वेगळा आहे. ॲक्सेलरेटर वेगासाठी असतो. एचएसएम, म्हणजे हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, ही किल्ल्यांची तिजोरी आहे. किल्ली तिच्या आतच जन्मते, आतच वापरली जाते, आणि उघड्या रूपात कधीही बाहेर येत नाही. सर्व्हर फक्त ‘यावर सही करून दे’ असे सांगतो. पेटी फोडण्याचा प्रयत्न झाला तर उच्च दर्जाची मॉड्यूल आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतात. या पेट्यांची पारख अमेरिकेच्या फिप्स १४०-२ आणि आता १४०-३ या मानकांनुसार होते, आणि निविदेत दर्जाची पातळी स्पष्ट लिहावी लागते.

तिजोरीची गरज का पडते, हे एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीडने सगळ्या जगाला दाखवले. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांतील एका चुकीमुळे बाहेरचा कोणीही सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा मागू शकत होता, पुन्हा पुन्हा मागू शकत होता, आणि त्यात खासगी किल्लीही मिळू शकते हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. जगभर प्रमाणपत्रे रद्द करून नवी काढावी लागली. ज्यांची किल्ली एचएसएममध्ये होती त्यांच्या मेमरीतून पासवर्ड गळू शकत होते, किल्ली नाही. ती मेमरीत नव्हतीच.

आपल्याकडे या पेटीची सक्ती काही ठिकाणी थेट आहे. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते वेगळ्या ‘आधार डेटा व्हॉल्ट’मध्ये ठेवावेत आणि त्याच्या किल्ल्या एचएसएममध्येच असाव्यात, असे आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये बजावले. एटीएमचा पिन पडताळण्याचे कामही अशाच पेटीत होते, जेणेकरून तो पिन बँकेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला उघडा दिसू नये. आपल्या लेखापरीक्षकांचा शेरा बहुधा यांपैकी एखाद्या कारणाने आला असावा. नेमके कोणते, ते त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण पेटीचा प्रकार त्यावरून ठरतो. पिनचे काम करणारी पेटी आणि सर्वसाधारण सह्यांची पेटी या वेगळ्या असतात.

भाराबद्दल बोलायचे तर तो वाढला नाही तरी उत्तराला लागणारा वेळ वाढेल, अशी तयारी ठेवा. नेटवर्कवरून वापरायच्या एचएसएमकडे प्रत्येक सहीसाठी जाऊन यायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि लहान मॉडेलची क्षमता सेकंदाला काही शे सह्यांपुरती असते. ती आपल्या प्रोसेसरच्या एकाच कोअरहून कमी भरते. म्हणून संकेतस्थळाच्या हँडशेकची किल्ली एचएसएममध्ये ठेवणार असाल, तर परतलेल्या ग्राहकाची ओळख ग्राह्य धरण्याची सोय आधी सुरू करा, म्हणजे त्या वेळी सही लागतच नाही. आणि पेट्या दोन घ्या. एकच असेल आणि ती बंद पडली, तर सर्व्हर कितीही धडधाकट असला तरी दार उघडणार नाही.

नवा सर्व्हर घेणे पुढे ढकलायचे की नाही, हा निर्णय एचएसएमशी जोडू नका. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या वस्तूकडून वेगाची अपेक्षा ठेवली, की पुढे वेग मिळत नाही म्हणून ती वस्तूच वळसा घालून टाळण्याचा मोह होतो, आणि किल्ली पुन्हा साध्या फाइलमध्ये येऊन पडते. असे झालेले मी पाहिले आहे आणि त्याचा मला आजही खेद वाटतो.

प्रश्न : मी बंगळुरूत व्हिडिओ प्रसारणाच्या क्षेत्रात अभियंता आहे. प्रोसेसरमध्येच सगळे आहे असे मानले तर इंटेलने क्विकअसिस्ट हे एन्क्रिप्शनचे वेगळे इंजिन का काढले, आणि नेटवर्क कार्डांत टीएलएस का येऊ लागले?

उत्तर : आपण नेमक्या त्या जागेवर बोट ठेवले आहे जिथे माझे पहिले उत्तर लागू पडत नाही. सांगलीच्या बँकेचा सर्व्हर आणि आपल्या क्षेत्रातला सर्व्हर यांच्यात हजारो पटींचे अंतर आहे, आणि त्या अंतरावर अडचणीचे स्वरूपच बदलते.

नेटफ्लिक्सचे उदाहरण घेऊ, कारण त्यांच्या अभियंत्यांनी ते जाहीरपणे मांडले आहे. त्यांचे प्रसारण-सर्व्हर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात, आणि २०२१ च्या युरोबीएसडीकॉन परिषदेत त्यांचे अभियंते ड्रू गॅलटिन यांनी एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट पाठवण्याचा प्रयत्न कसा झाला ते सांगितले. प्रोसेसर होता ३२ कोअरचा एएमडी एपिक. एईएसचा वेग तिथे अडला नाही. अडली ती मेमरी. व्हिडिओ डिस्कवरून मेमरीत उतरतो, गुप्त करण्यासाठी प्रोसेसर तो वाचतो, गुप्त झालेला पुन्हा मेमरीत लिहितो, आणि तिथून नेटवर्क कार्ड तो उचलते. ४०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला ५० गिगाबाइट. ते चार वेळा मेमरीतून जायचे तर २०० गिगाबाइटची वाट हवी, आणि त्या सर्व्हरच्या मेमरीची क्षमता होती दीडशेच्या आसपास. एन्क्रिप्शन प्रोसेसरने केले तेव्हा प्रसारण सुमारे २४० गिगाबिटांवर थांबले. मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-६ डीएक्स या नेटवर्क कार्डाकडे तेच काम दिले, तेव्हा मजकूर बाहेर पडतानाच गुप्त होऊ लागला, मधल्या दोन खेपा गळाल्या, आणि आकडा ३८० च्या घरात गेला.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण जुन्या पीसीआय कार्डाने जी चूक केली होती ती इथे दुरुस्त झालेली दिसते. जुने कार्ड वाटेपासून बाजूला बसले होते. मजकुराला तिथे जाऊन परत यावे लागे. नेटवर्क कार्ड तर वाटेवरच आहे, तिथून मजकूर जाणारच आहे. लिनक्समध्येही टीएलएस कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, आणण्याची सोय २०१७ च्या ४.१३ आवृत्तीत आली आणि नेटवर्क कार्डाकडे काम सोपवण्याची सोय २०१८ च्या ४.१८ मध्ये.

क्विकअसिस्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते आधी वेगळ्या कार्डांवर व चिपसेटमध्ये होते आणि २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरांपासून काही मॉडेलांत प्रोसेसरच्याच आवरणात आले, म्हणजे तेही वाटेच्या जवळ सरकले. सेकंदाला हजारो नवे हँडशेक घेणाऱ्या लोड बॅलन्सरवर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रावर, किंवा ज्यात मजकूर दाबून लहान करण्याचे कामही आहे अशा ठिकाणी, त्याचा उपयोग होतो. अट एवढीच, की सॉफ्टवेअरने काम सोपवून वाट पाहत न बसता पुढच्या ग्राहकाकडे वळले पाहिजे. ओपनएसएसएलला हे २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून येते. ॲप्लिकेशन तसे लिहिलेले नसेल तर एकेक विनंती उलट हळूच होते, कारण अशा इंजिनाचे बळ एकाच वेळी अनेक कामे घेण्यात असते, एखादे काम झटपट करण्यात नसते.

आपण काय करावे? मेमरीच्या वाहतुकीचे मोजमाप घ्या. ती क्षमतेच्या कडेला पोचलेली असेल आणि प्रोसेसर मात्र मोकळा दिसत असेल, तर टीएलएस करणारे नेटवर्क कार्ड आपल्याला खरोखर उपयोगी पडेल. सर्व्हरमागे दहा-वीस गिगाबिटच जात असतील, तर अजून त्याची वेळ आलेली नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कार्यालयातील कपाटात २००५ च्या सुमारास घेतलेले एक एन्क्रिप्शन कार्ड पडून आहे. ते सुस्थितीत आहे. नव्या सर्व्हरला लावता येईल का, की भंगारात द्यावे?

उत्तर : लावू नका. त्या काळातली कार्डे मुख्यतः ट्रिपल डीईएस, आरसी४ आणि फार तर एईएसच्या सीबीसी या मजकूर गुप्त करण्याच्या जुन्या पद्धतींसाठी बनवलेली असत. आरसी४ वापरण्यास टीएलएसमध्ये फेब्रुवारी २०१५ पासून मनाई आहे, आणि २०१८ च्या टीएलएस १.३ ने ट्रिपल डीईएस आणि सीबीसी दोन्ही वगळले. म्हणजे कार्ड चालू असले तरी आजचा ब्राउझर जे मागतो त्यातले त्याला जवळजवळ काहीच येत नाही. शिवाय आजच्या कर्नलसाठी त्याचा ड्रायव्हर मिळणे दुरापास्त आहे आणि बहुतेक नव्या सर्व्हरांत ती जुनी पीसीआय खोबणही नसते.

भंगारात देण्यापूर्वी मात्र कार्डावरचा मॉडेल क्रमांक पाहून ते निव्वळ वेग वाढवणारे होते की किल्ल्या साठवणारे, हे माहितीपत्रकावरून पडताळा. किल्ल्या साठवणारे असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने आतल्या सर्व किल्ल्या पुसा. ते सॉफ्टवेअर आता चालत नसेल, तर कार्डावरच्या मेमरीच्या चिपा फोडून मगच ते द्या, आणि कोणत्या तारखेला कोणासमोर फोडले याची नोंद जडवस्तू नोंदवहीत करून ठेवा.